अडगाव ते गाविलगड सायकलनं, एका दिवसात होते का?

पानपिंपरीवाला

राम राम मंडळी. पहिल्यांदाच लिहून राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या. अंजनगाव सुर्जीच्या बाजूलेच आमचं गाव हाय, घरी संत्रा अन् थोडीशी पानपिंपरी. मागच्या दिवाळीत सेकंडहँड गिअरची सायकल घेतली, तेव्हापासून सकायी सकायी शहानूर धरणापर्यंत जाऊन येतो. गावातले म्हणतात पोट्ट्याले काय झालं, घरी गाडी उभी अन् हा पायडल मारून राहिला. म्हणू द्या.

आता मुद्दा. शाळेत असताना इतिहासाच्या पुस्तकात 'सुर्जी-अंजनगावचा तह' अशी एक ओळ होती, सर म्हणाले हे आपलंच गाव होय रे, पोट्ट्यायनं टाळ्या वाजवल्या अन् धडा संपला. पुढं काय ते कोणी सांगितलं नाई. आता वाचत बसलो तं कळलं की हे सारं एकाच महिन्यातलं हाय. 29 नोव्हेंबर 1803 ले इंग्रज अन् मराठ्यायची अडगावची लढाई, 15 डिसेंबरले चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला इंग्रजायनं घेतला, 17 ले नागपूरकर भोसल्यायचा देवगावचा तह अन् 30 डिसेंबरले शिंद्यायचा आमच्या इथं. म्हणजे त्या युद्धाचा अख्खा शेवट माह्या सायकलच्या टप्प्यात!

तं प्लॅन असा हाय की पहाटे चारले अडगावून निघायचं, अकोट, अंजनगाव, परतवाडा, मंग घाट चढून चिखलदरा, गाविलगड पाहायचा अन् रात्रीपर्यंत घरी. आम्ही चार जण, त्यातल्या एकाच्या सायकलले गिअरच नाई पण तो म्हणते मी येतोच. विचारायचं हे की घाट कोणता धरावा, धामणगाव गढीवरून का घटांगवरून? किल्ल्यात सायकल नेता येते का? अन् खालून, म्हणजे आमच्या मैदानाच्या बाजूनं, गडावर चढायची जुनी वाट हाय म्हणतात, तिच्यावरून पायी जाता येईल का? जमलं तं येताना नरनाळा किल्लाही करून घेऊ.

बुलेटराजे

एका दिवसात आरामात होते भाऊ. मी अकोल्याहून निघालो, बारा वाजता चिखलदऱ्यात, पंचबोल पॉइंटले ओरडून आलो, कणीस खाल्लं, संध्याकाळी घरी. फक्त घाटात क्लच सांभाळ, गरम होते.

पानपिंपरीवाला

दादा सायकल म्हणून राहिलो, पायडलवाली 😅

बुलेटराजे

हो का! मंग मले काही माहीत नाई. पण खाली बसून वाचतो.

मास्तर (परतवाडा)

बाबू, आधी तुझं कौतुक. तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवला, पण या चार तारखा सायकलनं जोडायचं माझ्याही डोक्यात कधी आलं नाही. आता रागावतो. अडगाव ते चिखलदरा शंभर किलोमीटरच्या आसपास होतं आणि त्यातले शेवटचे तीस चढाचे आहेत, दुपारी तीनला तू दमून गाविलगडाच्या दारात पोचशील, दरवाजासमोर फोटो काढशील आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायची घाई करशील. याला गड पाहणं म्हणत नाहीत. असं पाहून आलेले खूप लोक मला भेटतात, दरवाजावर काय कोरलंय विचारलं की गप्प.

गाविलगड दोन भागांत आहे, आतला किल्ला आणि उत्तरेकडचा बाहेरचा किल्ला. दक्षिणेकडून, म्हणजे तुमच्या मैदानातून पाहिलं तर तो अजिंक्य वाटतो, खाली सरळ कडे. उत्तरेला मात्र तो पठाराला जोडलेला आहे, तीच त्याची कमजोर बाजू. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, त्याला हे ठाऊक होतं. त्यानं आपल्या कर्नल स्टीव्हन्सनला अचलपुराकडून डोंगरात घातलं, सैनिकांनी आधी रस्ता तयार केला आणि मग त्याच रस्त्यानं जड तोफा हातानं ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या. 7 डिसेंबरला निघाले ते पाच-सहा दिवस हेच करत होते. तुझा बिनगिअरवाला मित्र कुरकुर करायला लागला की त्याला हे सांग. तोफांनी बाहेरचा तट फोडला, पण आतल्या तटाला खिंडार नव्हतंच, तिथं शिड्या लावून माणसं चढली आणि त्यांनी आतून दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. हे सगळं नुसतं वाचून समजत नाही, बाहेरच्या तटापासून आतल्या तटापर्यंत स्वतः चालत जावं लागतं, मधली घळ उतरून परत चढावी लागते, तेव्हा पायांना कळतं की बाहेरचा तट पडला तरी आतला का टिकायला हवा होता.

त्यामुळे अडगाव वेगळ्या दिवशी कर, सपाट रस्ता आहे, अर्ध्या दिवसाचं काम. चिखलदऱ्याला मुक्काम ठेव. पहिला दिवस घाट, दुसऱ्या दिवशी पहाटे किल्ला, दुपारी उतार.

आणि दिल्ली दरवाजावरचं गंडभेरुंड नीट पाहा. दोन तोंडांचा पक्षी, त्यानं हत्ती पकडलेत.

चेनवाला

मास्तरांनी इतिहास सांगितला, मी सायकलचं सांगतो कारण घाटात शेवटी तेच कामी येते. माह्यं सायकलचं दुकान हाय, तालुक्याचं गाव.

एक नंबर म्हणजे पंक्चर. आपल्या भागात खड्ड्यापेक्षा काटा वाईट. बाभूळ अन् गोखरू. शेताच्या धुऱ्यावरून शॉर्टकट मारशील तं दहा मिनिटात दोन्ही चाकं बसतील. पावसाळ्यात तं आपली काळी माती चाकाले अशी चिकटते की चाक फिरतच नाई, सायकल खांद्यावर घ्या लागते. म्हणून डांबरी सोडायची नाई. दोन ट्यूब, पॅच, सोल्युशन, पंप. अन् सोल्युशनची ट्यूब आधी उघडून पाहा, अर्ध्या लोकायची वाळून गेलेली असते अन् ते जंगलात कळते.

दुसरं, चढापेक्षा उताराचं टेन्शन घे. चढताना जास्तीत जास्त काय होईल, उतरून ढकलशील. उतरताना मात्र रिमवाले ब्रेक असले अन् तू सारखा दाबून धरले तं रिम तापते, रबर झिजते, जळका वास येते, अन् मंग वळणावर ब्रेक लागतच नाई. दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. पुढचा मागचा दोन्ही. नुसता पुढचा आवळला तं डोक्यावरून जाशील. जायच्या आधी ब्रेक शू नवीन टाक, काही लय महाग येत नाई. अन् वायर पाहून घे, मुठीजवळ तुटत येते ती.

बिनगिअरवाल्याले म्हणा मागचं फ्रीव्हील मोठ्या दात्याचं टाकून घे, थोडं हलकं जाईल. बाकी तो घाट चालतच चढणार, त्याले आताच सांगून ठेव म्हणजे भांडण होणार नाई.

अमरावतीची_सायकलवाली

मी दोनदा केलाय हा घाट, दोन्ही वेळा परतवाडा-धामणगाव गढी-मोथा असाच. पहिल्यांदा जाणाऱ्यानं हाच धरावा, अंतर कमी आणि मध्ये गावं लागतात. घटांगचा रस्ता लांब पडतो आणि अर्धा धारणी-इंदूरकडच्या मोठ्या गाड्यांसोबत जावं लागतं, ट्रक मागून आला की सायकल कच्च्यावर घ्यावी लागते, मला नाही आवडलं.

चढ म्हणजे काय ते सांगते, चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1118 मीटर आहे आणि परतवाडा चारशेच्या आसपास, म्हणजे साधारण सातशे मीटर उंची तीस किलोमीटरमध्ये. आकडा ऐकून काही वाटत नाही पण तो सारखा वाटला गेलेला नाहीये, सुरवातीला धामणगावपर्यंत सायकल मस्त पळते आणि आपण हुशार आहोत असं वाटायला लागतं, मग खरा घाट सुरू होतो. मी पहिल्या वेळी त्या सपाटीवरच सगळा जोर संपवला होता आणि वर एका दगडावर बसून अक्षरशः रडले, मग एका बाईनं पेरू दिला. मीठ-साखरेचं पाणी आणि खायला काहीतरी गोड खिशात ठेवा, बॅगेत नको, बॅग उघडायचा कंटाळा येतो आणि माणूस खात नाही.

शनिवार-रविवार चुकूनही जाऊ नका. पावसाळ्यातल्या रविवारी तर नाहीच, धुकं असतं, समोरचं दिसत नाही आणि त्यात कारवाले गाणी लावून वळणावर ओव्हरटेक करतात. धबधबे बघायचे तर ऑगस्ट भारी, भीमकुंड तेव्हाच बघावं, पण सायकलला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात वर थंड असतं म्हणून लोक जातात, पण सायकलवाल्याला आधी खालचं बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री पार करावं लागतं ना.

राहायला एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, खासगी लॉज बरेच आहेत. सायकल खोलीत ठेवू देतात का हे फोनवरच विचारून घ्या.

मेळघाटचा_पोरगा

मी सेमाडोहकडचा, कोरकू. पाहुण्यांना जंगल दाखवतो, तेच काम आहे. तुमच्या जुन्या वाटेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

दक्षिणेच्या दाराची वाट आहे हे खरं. लांब आहे, उभी आहे, पूर्वीसुद्धा तिथून फक्त माणूस चालत जायचा, तोफ-गाडा नाही. पण आता मधात सगळं रान आहे. गूगल मॅपवर रेघ दिसली म्हणून घुसू नका. लोक वाघाला भेतात, मी अस्वलाला भेतो. वाघ तुमचा वास आला की बाजूला होतो, अस्वलाला नीट दिसत नाही, ते खात असते आणि तुम्ही एकदम समोर गेले की ते अंगावरच येते. चार जण गप्पा मारत चाललात तर बरं, एकटा कानात हेडफोन घालून चालला तर कठीण. वनखात्याला विचारल्याशिवाय आणि गावातला माणूस सोबत असल्याशिवाय त्या वाटेनं जाऊ नका. वरून, चिखलदऱ्याकडून जा. गावापासून किल्ला दोनेक किलोमीटर आहे, रस्ता आहे.

सायकल दरवाजापाशी लावा. आत दगड, गवत, चढउतार, सायकल कुठं चालवाल? आतला तलाव मोठा आहे पण ते पाणी पिऊ नका, प्यायचं पाणी सोबत न्या. कड्यांना आग्या मोहोळ असतात, तिथं बिडी-सिगारेट, धूर, अत्तर काही नको. माकडं पिशवी ओढतात. आणि गवत वाळलं की आगीचा सीझन सुरू होतो, तेव्हा चहाची चूल वगैरे लावू नका, आग लागली की विझवायला आम्हीच असतो.

नरनाळा त्याच फेरीत नको. तो अकोटच्या उत्तरेला, शहानूर गेटमधून जावं लागतं, आणि तो रस्ता व्याघ्र प्रकल्पातला आहे. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, 1973-74 चा, तिथले नियम कडक. गेटवर नोंद करावी लागते, वेळा ठरलेल्या आहेत, सायकल आत सोडतील असं धरून चालू नका. गेटपर्यंत सायकलनं या आणि पुढं काय ते तिथंच विचारा.

मास्तर (परतवाडा)

नरनाळ्याबद्दल पोराचं अगदी बरोबर. फक्त एवढंच जोडतो की तो न पाहता सोडू नका, वेगळा दिवस काढा. महाकाली दरवाजा 1487 चा आहे, पुढं वऱ्हाडात इमादशाही सुरू करणाऱ्या फत्तेउल्लाच्या काळातला. त्याच्या जाळीदार सज्जांसमोर उभं राहिलं की किल्ल्याचं दार पाहतोय की वाड्याचं असं वाटतं. आणि नऊगजी तोफ. गंमत म्हणजे देवगावच्या तहात इंग्रजांनी गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले भोसल्यांना परत दिले. म्हणजे एवढ्या तोफा ओढून घेतलेला किल्ला दोन दिवसांत कागदावर परत.

चांद्याहून

बाहेरचा आहे पण बोलतो. तुमच्याकडं डोंगर आहे म्हणून नाहीतर सायकल आणि किल्ला एकत्र हवा असेल तर आमच्या चंद्रपूरला या, शहराला गोंड राजांचा परकोट आहे, अकराएक किलोमीटरचा, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा अशी चार दारं आणि पाच खिडक्या म्हणजे छोटी दारं, त्यातल्या एकीचं नावच मसण खिडकी. इको-प्रो संस्थेच्या पोरांनी झाडंझुडपं काढून तट साफ केला तेव्हापासून वर चालता येतं. पूर्ण सपाट, बिनगिअरवाला पण खूश. फक्त ऊन आमचं तुमच्यापेक्षा बेकार.

चेनवाला

बिनगिअरवाल्याची साऱ्यायनं मजा घेतली, बिचारा वाचत असेल.

बिनगिअरवाला

वाचून राहिलो. काऊन बे, मले विचारल्याशिवाय इथं माही चर्चा लावली?

पानपिंपरीवाला

🙏🙏 भाऊ माफ कर. मंडळी, सगळ्यायचं वाचलं. ठरलं, अडगाव वेगळं, चिखलदरा मुक्काम, दक्षिणेची वाट क्यान्सल, नरनाळा नंतर. संत्र्याचं काम आटोपलं की डिसेंबरात जातो. आल्यावर लिहितो.

पानपिंपरीवाला

जाऊन आलो! उशीर झाला लिहायले, आल्यावर दोन दिवस तं खाली बसता येत नव्हतं.

अडगाव आधीच्या हप्त्यात केलं. खरं सांगू, पाहाले काही नाई. तुरी, कपाशी, हरभरा, सपाट सारं. एका म्हाताऱ्या बाबाले विचारलं लढाई कुठं झाली तं म्हणे कोणती, मागच्या निवडणुकीची का. पण सपाट हाय हेच पाहायचं होतं हे नंतर कळलं. लपायले जागाच नाई. समोरून तोफ सुरू झाली तं माणूस जाईल कुठं? लढाईच्या सुरवातीले वेलस्लीच्या पलटणी तोफा ऐकून मागं पळाल्या होत्या, त्यानं परत गोळा करून उभ्या केल्या, हे पुस्तकात वाचलं तेव्हा हसू आलं होतं, त्या वावरात उभं राहून नाई आलं.

मंग घाट. बुधवारी निघालो. परतवाड्यात सहाले चहा, धामणगावच्या आधीच पंक्चर, बाभळीचा काटा, अन् चेनवाला भाऊ तुमची कसम, माह्यं सोल्युशन वाळलेलं निघालं! बिनगिअरवाल्याजवळ चांगलं होतं. तिथून त्याचा रुबाब सुरू झाला तो घरी येईपर्यंत. घाटात तो चालत अन् आम्ही सायकलवर, पण आम्ही दर वळणावर थांबून श्वास घ्यायचो अन् तो एका चालीनं येऊन आमच्या बाजूनं पुढं जायचा, बोलायचा पण नाई, नुसता पाहायचा. गाडीवर दुधाच्या कॅना लावलेला एक गवळीबाबा खाली जाताना भेटला अन् परत वर येताना पुन्हा भेटला, तेव्हा आम्ही दोनच किलोमीटर पुढं गेलो होतो. लय हसला. ताई, तुमचं खिशातलं गोड खाण्याचं ऐकलं नसतं तं मोथ्याच्या खालीच बसलो असतो. धामणगावपासून वर चार तास वीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी किल्ल्याकडे निघालो, दवानं पँट गुडघ्यापर्यंत ओली. गंडभेरुंड पाहिलं, मास्तर. मी आधी चुकीच्या दगडाकडं पाहून राहिलो होतो, मित्रानं दाखवलं. बाहेरचा तट, मंग ती घळ, मंग आतला तट, तुम्ही सांगितलं तसं चाललो. घळीत उतरल्यावर वरचा तट अंगावर येते. आम्ही पाण्याची बाटली अन् केळं घेऊन चढताना थकलो, तिथं शिडी लावून लोक चढले, वरून गोळ्या सुरू. चौघंही जरा वेळ गप्पच होतो. तेवढ्यात माकडानं केळ्याची पिशवी नेली.

मंग दक्षिणेच्या कड्यावर गेलो, जिथून आपलं मैदान दिसते. मले लय वेळ तिथं बसायचं होतं कारण घर पाहायचं होतं. सकायचं धुरकट होतं, धरणाचं पाणी चमकलं एवढं नक्की, अंजनगाव मीच ठरवून घेतलं की ते तिथं असेल. रोज खालून हा डोंगर पाहतो, निळा, नुसता पडद्यासारखा. तिकडून इकडं कसं दिसते हे एकदा पाहाचं होतं.

उतरताना दाबायचं-सोडायचं केलं. हात आखडले थंडीनं, बोटं वळत नव्हती, हातमोजे पायजे होते, हे कोणीच सांगितलं नाई.

अमरावतीची_सायकलवाली

अरे खरंच की, हातमोजे राहिलेच सांगायचे. सॉरी. नरनाळा कधी?

मास्तर (परतवाडा)

अडगावचं वाचून समाधान वाटलं. शाळेत पुढच्या हप्त्यात येऊन पोरांना सांगशील का? सायकल घेऊनच ये.

पानपिंपरीवाला

सर मले भाषण जमत नाई. बिनगिअरवाल्याले आणतो, तो दोन तास बोलेल.

चेनवाला

ब्रेक शू किती झिजले ते सांग. फोटो टाक.

पानपिंपरीवाला

मागचे अर्ध्याच्या वर गेले, पुढचे ठीक. बाजाराच्या दिवशी दुकानावर येतो. सोल्युशनची नवीन ट्यूब पण काढून ठेवा, दोन.